चालती तक्रार

पैज मीच लावली. तोंड माझंच शिवशिवत होतं.

विणकर कॉलनीच्या चौकात वॉर्डाचा मोठा फलक आहे, लाल आकड्यांचा. वॉर्डात किती तक्रारी उघड्या पडल्यात ते तो दिवसरात्र दाखवतो. त्या सोमवारी सकाळी आकडा होता तीन हजार एकशे अठरा. फलकाखालच्या कट्ट्यावर मगदूम सर दुधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले, आणि आल्यागेल्याला ऐकवत होते.

"आमच्या वेळी नळ गळला तर माणूस उठून पाना घ्यायचा. आता नळच तक्रार करतो आणि माणूस आकडा बघत बसतो."

मगदूम सर म्हणजे आमचे पीटीचे सर. सहावीत असताना त्यांच्या शिट्टीत मोहरी भरली म्हणून मला मैदानाला अठ्ठावीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता ते चौऱ्याहत्तरचे, मी बावन्नचा, घरं समोरासमोर. बायको गेल्यापासून सर एकटेच. त्यांची खोडी काढल्याशिवाय माझा चहा उतरत नाही आणि मला गाढव म्हटल्याशिवाय त्यांचा.

मी म्हटलं, "सर, ह्या सगळ्या तक्रारी मी खुर्चीतनं न उठता संपवतो. रविवारी सकाळी दहाला फलकावर शून्य."

"खुर्चीतनं?"

"खुर्चीतनं."

"बिप्या, खुर्चीत बसून फक्त मूळव्याध होते."

इस्माईल प्लंबर बशीत चहा ओतत होता. तो म्हणाला, "भाऊ, शून्य बघायला फलकाची वायर कापावी लागंल."

"लाव पैज."

"सरांनी लावायची. मी पंच." इस्माईलनं बशी संपवली, मिशी पुसली. "जो हरंल त्यानं हितंच, मंडळाच्या माईकवर, आपल्या घरातल्या तक्रारी वाचायच्या. सगळ्या. गाळायचं काही न्हाई."

घरातल्या तक्रारी ही काय चौकात वाचायची गोष्ट नव्हे. पण मागं कोण हटतोय. सर म्हणाले, "मान्य," आणि मी म्हटलं, "मान्य," आणि झालं.

आता ही काय भानगड आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

माझा बाप मागांच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे यंत्रमाग नीट चालता ठेवणारा मिस्त्री. बाप काय करायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मागाला टेकवायचा आणि मूठ कानाला. डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, "हे बेअरिंग आठ दिवसांनी जाणार." आठव्या दिवशी जायचं. प्रत्येक वस्तूचा एक आवाज असतो, आणि ती वस्तू मोडायच्या बऱ्याच आधी तो आवाज बदलतो. एवढीच गोष्ट.

तो स्क्रूड्रायव्हर आणि तो कान आता कपाळावरच्या टिकलीएवढ्या चकतीत मावतो. गॅसचा लायटर दाबला की आतल्या खड्यावर दाब पडून ठिणगी उडते ना, तसलाच खडा, पण कागदासारखा पातळ. वस्तू थरथरली की खड्यात किंचित वीज तयार होते. ती थरथर म्हणजे आवाज, आणि तीच टिकलीचं जेवण. बॅटरी नको, वायर नको. आत मोहरीएवढा मेंदू. पहिले आठ दिवस तो त्या वस्तूचा धडधाकट आवाज पाठ करतो. पुढं आवाज बिघडला की तीन सेकंद टिपून घेतो आणि वॉर्डाच्या नोंदवहीत तक्रार टाकतो. लोक म्हणतात कानटिकली. पाइपांना, खांबांना, गटाराच्या झाकणांना, फुटपाथच्या ब्लॉकना, सगळ्यांना लावल्यात. घरातल्या वस्तू तर विकतच टिकली लावलेल्या येतात. रस्त्यावरची तक्रार सगळ्यांना दिसते, घरातली फक्त घरमालकाला.

आणि एक महत्त्वाचं. तक्रार बंद करताना कारण द्यावं लागतं: दुरुस्त केली, दुसऱ्या तक्रारीतच आली, किंवा दोष नाही. "दोष नाही" म्हटलं की टिकली मनाशी म्हणते, माझंच ऐकण्यात चुकलं. असं तीन वेळा झालं की तो आवाज तिच्या लेखी धडधाकट. मग ती त्याबद्दल पुन्हा कधी बोलत नाही.

तक्रार बंद करायचा अधिकार नोंदमित्रांना. नोंदमित्र म्हणजे अर्ज केलेला कुठलाही रिकामटेकडा नागरिक. माझा अर्ज पहिला होता.

नोंदवहीची सरकारी वेबसाइट उघडली तर तक्रारीमागं सात ठिकाणी बोट दाबायचं, आणि शेवटी वॉर्डाचे सदस्य हात जोडून अभिनंदन करतात, तो व्हिडिओ बंद करता येत नाही. तीन हजार गुणिले सात. मी हिशोब सोडून दिला आणि मागच्या दारानं गेलो.

मागचं दार चोरांचं नव्हतं. विचार करा, टिकलीला बोटं नाहीत, ती कुठलं बटण दाबणार? ती एका खिडकीतून साधी अक्षरांची ओळ आत टाकते. त्या खिडकीचे नियम जाहीर आहेत, कुणीही वाचावेत. कोणी वाचत नाही एवढंच. मी पंचवीस वर्षं मागांच्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहितोय. माझ्याकडं अजून तो काळा स्क्रीन आहे, नुसता कर्सर लुकलुकतो, चित्र नाही, बटण नाही. तुम्ही ओळ टाइप करायची, एंटर मारायचा, काम होतं.

तर सोमवारी दुपारी मी एक अवजार लिहायला घेतलं. नाव ठेवलं चिमटा. "चिमटा दाखव" म्हटलं की तक्रारी दाखवणार. "चिमटा जुळव" म्हटलं की सारख्या एकत्र करणार. "चिमटा बंद" म्हटलं की बंद. बायको, वैजू, मागं उभी राहून बघत होती.

"एवढ्यासाठी पोह्यांचा सांडगा झाला होय?" ती म्हणाली. पोहे बाजूला गार पडले होते.

"वैजू, ही उभी रेघ बघ. रेघेच्या डावीकडं एक काम, उजवीकडं दुसरं. पहिल्याचा माल रेघेतनं दुसऱ्यात पडतो. कांडी भरणारा सुताची कांडी भरतो, ती मागवाल्याकडं जाते, कापड घडीवाल्याकडं जातं. एकानं सगळं करायचं नाही."

"मग घरात ती रेघ मारा की एखादी."

पहिलीच ओळ टाकली: "चिमटा दाखव वॉर्ड-१२ उघड्या". आल्या पन्नास तक्रारी. पन्नासच. मी खुशीत चौकात जाऊन सांगून आलो की आकडा खोटा आहे, फलक बिघडलाय. अर्ध्या तासानं कळलं, खिडकी एका वेळी पन्नासच देते आणि तळाला बारीक लिहिते, पुढचं पान आहे. इस्माईलनं ते आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं. "भाऊ, तुमच्या घरी पण जेवायला पन्नासच भाताची शितं वाढतात का?"

पुढची पानं मागायला शिकवलं तर चिमट्यानं खिडकीवर एवढा गलका केला की तिनं हात आडवा धरला: तीस सेकंद थांबा. मग त्याला थांबायला शिकवलं. मंगळवारी सकाळी तीन हजारांच्या वर तक्रारी माझ्या स्क्रीनवर रांगेत उभ्या होत्या.

रांगेत उभ्या केल्या की गर्दी किती खोटी असते ते कळतं. चौथ्या गल्लीतला एक व्हॉल्व्ह फुटला होता आणि त्याची तक्रार एकशे चाळीस टिकल्यांनी केली होती. खरंच आहे, त्या सगळ्यांना ऐकू येत होतं. "जुळव" म्हटल्यावर एकशे चाळिसांची एक झाली. असं करत करत दोन हजार तर अशाच गेल्या. खरी कामं उरली ती मी गल्लीवार लावून इस्माईलला आणि वायरमनला पाठवली. आधी त्यांना पहिल्या गल्लीतनं नवव्या गल्लीत, नवव्यातनं तिसरीत असं पळवायचे. आता एका गल्लीत शिरले की ती संपवूनच बाहेर. गुरुवारी दुपारी फलकावर नऊशेतीन.

सर रोज बघायचे आणि घसा खाकरायचे.

उरलेल्या नऊशेत सहाशे चाळीस तक्रारींचा एक गठ्ठा होता. माणूस येऊन बघून गेला, काही सापडलं नाही, "दोष नाही" म्हणून बंद केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. किरकिऱ्या म्हाताऱ्यांसारख्या. चिमट्यात मी एक शब्द ठेवलाय, "आधी-सांग". तो ओळीला जोडला की चिमटा काही करत नाही, काय करणार आहे तेवढं सांगतो. तो मी लोकांसाठी ठेवलाय. मी स्वतः गॅलरीत उभा होतो, खाली सर कट्ट्यावर, मला तमाशा हवा होता. लॅपटॉप कठड्यावर ठेवला, ओळ टाइप केली, सगळ्या बंद, कारण दोष नाही, आणि सरांकडं हात हलवून एंटर मारला.

फलकावरचा आकडा धबाधब खाली आला. दोनशेत्रेसष्ट. चौकात टाळ्या पडल्या. सरांनी दुधाची पिशवी उचलली आणि घरी गेले.

शुक्रवारी संध्याकाळी उरल्या एक्केचाळीस.

सगळ्या एकाच जातीच्या: फुटपाथचा ब्लॉक सैल, घासतोय. इस्माईल गेला, ब्लॉकवर उड्या मारून बघितल्या. "भाऊ, ह्यावर म्हैस नाचली तरी हलायचा न्हाई. दोष नाही म्हणून टाका, पैज जिंकली तुम्ही."

टाकणारच होतो. पण माझा एक वाईट गुण आहे, कुणी पुन्हा पुन्हा खोटं बोलत असेल तर मला त्याचं कौतुक वाटतं. एक्केचाळीस ब्लॉक एकच थाप का मारतायत? मी त्यांना वेळेच्या क्रमानं लावलं.

डेअरीची पायरी, सहा एकतीस. डेअरीपुढचा तिसरा ब्लॉक, सहा बत्तीस. पाण्याच्या टाकीचा कोपरा, सहा छत्तीस. वाचनालय, सहा एकेचाळीस. आदल्या दिवशीही तोच क्रम. त्याच्या आदल्या दिवशीही. सैल ब्लॉक आपल्या जागी सैल असतो, उठून पुढच्या ब्लॉकवर जात नाही. हा दोष चालत होता. रोज पहाटे उठून, डेअरीवरून, टाकीला वळून, चौकाकडं.

मला एवढी मजा आली म्हणून सांगू. मी दोन ब्लॉकमधलं अंतर काढलं, वेळेनं भागलं. माणसाच्या पावलाचा वेग. महिन्याभरात तो वेग पावपट कमी झाला होता. मग विचारलं, निघतो कुठनं? डेअरीच्या अलीकडं एकही उघडी तक्रार नव्हती. उघडी नव्हती. म्हणून बंद केलेल्यांत शोधलं, म्हणजे माझ्या सहाशे चाळिसांत.

त्यातल्या तीनशेअठ्ठ्याऐंशी ह्याच होत्या. पहिली चार महिन्यांपूर्वीची. चौदा नंबरच्या फाटकापुढचा ब्लॉक.

चौदा नंबर माझ्या समोर आहे.

मजा तिथं संपली. तक्रारीला जोडलेला तीन सेकंदांचा आवाज लावला. सुरुवातीचा, चार महिन्यांपूर्वीचा: टक, टक, आणि मध्ये एखादी बारीक घस्स. कालचा: घस्स, घस्स, घस्स. चौकाच्या वळणावरचा तर ऐकवत नव्हता. वळायला नऊ पावलं, बोटाएवढी, जागच्या जागी.

वैजू मेथी निवडत होती. हात थांबला. "हे कोण? पायाला पोतं बांधल्यासारखं चालतंय."

मी चौदा नंबरकडं बोट केलं.

तिनं मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात भाजी द्यायला गेले तेव्हा उंबऱ्याला दोनदा अडखळले. म्हणाले चप्पल नवी आहे. चप्पल जुनीच होती."

फाटकापासून डेअरीपर्यंतच्या टिकल्या मीच बहिऱ्या केल्या होत्या. तिसऱ्यांदा "दोष नाही" म्हणणारा मी, गॅलरीतून हात हलवत. डेअरीपुढच्या टिकल्या नव्या, म्हणून अजून बोलत होत्या. आणि त्या एक्केचाळीस बंद केल्या की सरांचं पाऊल ह्या गावात कुणालाच ऐकू येणार नव्हतं.

शनिवारी सकाळी मी शेजारच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आफरीन बागवानांना फोन लावला. मेंदूविकाराच्या डॉक्टर आहेत, त्यांच्या भावाचे माग मी सांभाळतो. आवाज पाठवले, नाव सांगितलं नाही.

"चार महिन्यांत एवढा फरक?" त्यांनी विचारलं. "विसरतात का? लघवीला घाई होते?"

"ते कसं कळणार, डॉक्टर. माझ्याशी भांडायला विसरत नाहीत एवढं खरं."

"नुसत्या आवाजावर मी काही सांगणार नाही. बरीच कारणं असतात. पण त्यात एक असं आहे की मेंदूच्या पोकळीत पाणी साठत जातं, आणि माणसाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. सगळे म्हणतात, वय झालं. वेळेत सापडलं तर बारीक नळी घालून पाणी काढता येतं, माणूस परत चालतो. उशीर केला तर नळी घालूनही फायदा नाही. सोमवारी साडेदहाला घेऊन या."

नळी घालून पाणी काढायचं. इस्माईलला सांगितलं असतं तर तो पाना घेऊन आला असता.

सांगणं सोपं होतं. ऐकणारे मगदूम सर होते.

संध्याकाळी गेलो. सर खुर्चीत बसून कपडे घडी करत होते, प्रत्येक घडी कवायतीसारखी. मी सगळं सांगितलं. ब्लॉक, वेळा, टाकीचा कोपरा, वळणावरची नऊ पावलं. आवाजही ऐकवला. त्यांनी बनियन घडी केला, त्यावर दुसरा ठेवला, आणि हसले.

"छान आहे. आजवरची सगळ्यात छान."

"सर, थट्टा नाही ही."

"शिट्टी-नोंदणीच्या वेळी पण हेच म्हणाला होतास."

बारा वर्षांपूर्वी मी त्यांना सरकारी शिक्का मारलेलं पत्र पाठवलं होतं: निवृत्त पीटी शिक्षकांनी आपल्या शिट्ट्यांची नोंदणी करावी. सर दोन तास वॉर्ड ऑफिसच्या रांगेत उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घालून, शिट्टी रुमालात गुंडाळून. गल्ली आठ दिवस हसत होती. मी नऊ.

"सर, सोमवारी साडेदहाची वेळ घेतलीय. मी येतो बरोबर."

"आणि दवाखान्याच्या दारात अख्खी कॉलनी हार घेऊन उभी."

"आईशप्पथ."

"बिपीन, फलकावर किती आहेत?"

"एक्केचाळीस."

"बाहेर रविवार उभा आहे आणि तुझ्या एक्केचाळीस उरल्यात. त्या निघत नाहीत म्हणून आता म्हाताऱ्याचे पाय काढलेस. उद्या चौकात म्हणणार, सरांची तब्येत बरी नाही, पैज रद्द." त्यांनी घड्या केलेले कपडे मांडीवरून उचलले. "मी तुला डावा पाय आणि उजवा पाय शिकवलाय रे. तू मला चालायचं सांगू नकोस."

ते उठले. उठताना पहिल्यांदा जमलं नाही. खुर्चीच्या हाताला धरून दुसऱ्यांदा उठले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

घरी आल्यावर वैजू म्हणाली, "त्या बंद करून टाका. पैज जिंका. मग सावकाश समजवा."

"जिंकल्यावर तर मुळीच ऐकणार नाहीत. म्हणतील, एक्केचाळीसचं काय झालं, माझे पाय एका रात्रीत बरे झाले का?"

"मग त्या एक्केचाळीसमध्ये लिहा, हा माणसाचा आजार आहे."

"उघडी नोंदवही आहे ती. सगळा वॉर्ड वाचणार, विमावाले वाचणार, त्यांचा मुलगा बंगळूरला बसून फोनवर वाचणार. सरांचे पाय चौकातल्या फलकावर टांगायचे?"

"मग हरा," वैजू म्हणाली, आणि दिवा मालवला.

मी आयुष्यात पैज हरलेलो नाही. हरायची वेळ आली की रद्द करवतो, पंच फोडतो, वीज घालवतो. हे गल्लीला माहीत आहे, आणि सरांना तर सगळ्यात जास्त.

रविवारी दहाला चौकात पन्नासेक माणसं. मंडळानं माईक लावलेला, कुणीतरी सतरंजीसुद्धा आणलेली. सर पुढच्या खुर्चीत, ताठ. फलकावर एक्केचाळीस.

इस्माईल माझ्या कानाशी आला. "भाऊ, एक एंटर. मी लोकांना दोन मिनिटं बोलत ठेवतो."

"नको."

"का पण?"

"उरल्या म्हणून उरल्या."

त्यानं माझ्याकडं ताप आलाय का असं बघितलं. मग माईकवर गेला. "पैज बिपीनभाऊ हरले. घरातल्या तक्रारी वाचणार."

अशी शिट्टी-आरोळी झाली की डेअरीवरची गिऱ्हाइकं बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, "रात्रीत साफ केली असंल यादी."

इस्माईलनं माझा फोन घेतला, खात्याचा इतिहास उघडला. पंच म्हणजे पंच. "बदल काही न्हाई. बंद केलेली एकबी न्हाई. दहाच्या दहा हायेत." असं म्हणताना त्यालाच नवल वाटत होतं.

मी माईक घेतला. सरांकडं बघितलं. ते अजून वाट बघत होते, मी कुठनं निसटतोय त्याची.

"एक नंबर," मी वाचलं. "मोरी. नळ गळतोय, चार महिने." सगळ्यांत मोठ्यानं इस्माईल हसला. वॉर्डाचे नळ बंद करायला निघालेला माणूस.

"दोन. प्लास्टिकची खुर्ची. मागच्या पायाला चीर. घरमालक ती फक्त पाहुण्यांना देतो." आमच्याकडं येणंजाणं असलेले आवटी वकील मागं वळून बायकोला म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

"तीन. फ्रिज. मधुमेहाचं पथ्य सुरू झाल्यापासून दुपारी तीन वाजता श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, रोज." वैजू गर्दीत कुठंतरी होती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

"चार. व्यायामाची सायकल. चारशेबारा दिवस फिरली नाही. हँडलवर ओल्या कपड्यांचं वजन."

इथंवर ठीक होतं. इथंवर मी हसवत होतो, आणि लोक म्हणत होते, हरला तरी गडी भारी. पाचवी मला पाठ होती. शनिवारी रात्रीपासून मी ती न वाचायच्या सतरा युक्त्या शोधल्या होत्या.

"पाच. बाथरूमचा आरसा." माझा आवाज माईकमधून मलाच पातळ ऐकू आला. "माणसाचा आवाज, एकच वाक्य एकोणीस वेळा. रेडिओ अडकला असावा. असं सहा वर्षांत दोनशेसत्तर वेळा. नमुना जोडला आहे."

इस्माईल म्हणाला, "म्हंजी?"

"म्हणजे मी," मी म्हटलं. "आवटींच्या घरच्या लग्नात मी तो व्याह्यांचा किस्सा ऐनवेळी फेकला, आणि मांडव हसून लोळला. तो ऐनवेळचा नव्हता. मी तो आरशापुढं एकोणीस वेळा म्हणून बघितला होता. कुठं थांबायचं, भुवई कुठं उचलायची. माझं एकही ऐनवेळचं नसतं. गॅलरीतनं हात कसा हलवायचा ते पण मी आधी करून बघतो."

चौक हसला नाही. हसावं की नाही ते कळेना त्यांना. बापाला स्क्रूड्रायव्हर होता, मला एवढंच होतं, माझी जीभ, आणि ती घासून धार लावलेली आहे हे आता डेअरीवाल्यालाही कळलं होतं.

सर माझ्याकडं बघत होते. चाळीस वर्षं ते माझा चेहरा वाचतायत, कुठं थाप सुरू होते ते शोधायला. त्यांनी ह्या वेळी बराच वेळ शोधलं.

मग खुर्चीच्या हाताला धरून उठले. माझ्याकडं यायला त्यांना डावीकडं वळायचं होतं. लोकांना वाटलं म्हातारा वैतागून घरी चाललाय, त्यांनी वाट करून दिली. मी पावलं मोजली. नऊ. सरही खाली बघून मोजत होते, हे मला त्यांच्या ओठांवरून दिसलं.

माझ्यापाशी आले. माईकचं बटण अंगठ्यानं बंद केलं.

"उद्या किती वाजता म्हणालास?"

"साडेदहा."

"बसस्टँडपर्यंत चालत जाऊ आणि तिथनं बस."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं.

सरांनी खाली स्वतःच्या चपलांकडं बघितलं. "बरं," ते म्हणाले. "इस्माईलला गाडी काढायला सांग."

"सांगतो, सर."

"आणि अर्ध्यात सोडू नकोस. दहा आहेत ना?"

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं आणि माझ्या शेजारीच उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात टेकून. लोकांना तो शाबासकीचा वाटला असेल. वजन बरंच होतं.

"सहा नंबर," मी वाचलं. "पलंग."